उत्कलनांकाच्या वाढीवरून मोलार वस्तुमान: पुण्यात प्रयोग करताना

द्रावकात पदार्थ (द्राव्य) विरघळवला की त्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, थोडा वाढतो, आणि त्या वाढीवरून पदार्थाचं मोलार वस्तुमान, म्हणजे त्याच्या एका मोलचे ग्रॅम, काढता येतं. पण पुण्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. शिवाजीनगरची वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा प्रत्यक्ष दाब ९४२ ते ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, पावसाळ्यात कमी आणि थंडीत जास्त. त्यामुळे शुद्ध पाणी ९८ ते ९८.२ अंशांच्या दरम्यान उकळतं. बारावीच्या उदाहरणांत मात्र शुद्ध पाण्याचा उत्कलनांक ३७३.१५ केल्विन दिलेला असतो. तो आकडा तसाच उचलून इथल्या प्रयोगशाळेत वापरला, तर १०० ग्रॅम पाण्यात १२ ग्रॅम युरिया विरघळवूनही द्रावण ९९.१ अंशांना उकळताना दिसेल आणि ‘वाढ’ उणे ०.९ येईल. मग मोलार वस्तुमानही उणे.

या प्रयोगात कामाचा असतो तो फक्त फरक: शुद्ध द्रावक आणि द्रावण एकाच उपकरणात, एकाच दाबाला, एकाच तापमापीने, एकामागोमाग उकळले तर त्यांच्या तापमानांत किती अंतर पडतं तो. तापमापी ०.७ अंशाने चुकीची असली तरी चालेल, पण दोन्ही वेळा ती तेवढीच चुकली पाहिजे. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एकाच अटीतून निघतात.

सूत्र आणि त्यातला स्थिरांक

न उडणारं द्राव्य विरघळलं की द्रावकाचा बाष्पदाब उतरतो आणि तो बाहेरच्या दाबाइतका व्हायला थोडं जास्त तापमान लागतं. विरल द्रावणात ही वाढ मोलॅलिटीच्या, म्हणजे एक किलो द्रावकामागे द्राव्याचे किती मोल आहेत त्याच्या, सम प्रमाणात असते. हिशेबासाठी सूत्र असं:

मोलार वस्तुमान = (स्थिरांक × द्राव्याचे ग्रॅम × १०००) ÷ (तापमानातली वाढ × द्रावकाचे ग्रॅम)

इथे ‘द्रावकाचे ग्रॅम’ म्हणजे फक्त द्रावक. द्रावणाचं वजन किंवा आकारमान घातलं की उत्तर बिघडतं.

पाण्याचा स्थिरांक पुस्तकात ०.५१२ किंवा ०.५२ केल्विन किलोग्रॅम प्रति मोल दिलेला असतो. हा आकडा १०० अंशांचा आहे. स्थिरांक निघतो तो वायू स्थिरांक, केल्विनमधल्या उत्कलनांकाचा वर्ग आणि द्रावकाचं मोलार वस्तुमान यांच्या गुणाकाराला बाष्पनाच्या उष्णतेने भागून. पुण्यासाठी ३७१.३ केल्विन आणि त्या तापमानाची बाष्पनाची उष्णता, सुमारे ४०.७ किलोज्यूल प्रति मोल, घातली तर स्थिरांक ०.५०७ येतो. फरक फक्त एक टक्क्याचा आहे, पण तो दर वेळी एकाच बाजूला झुकतो. कितीही वाचनं घेऊन सरासरी काढली तरी तो जात नाही, म्हणून आधीच दुरुस्त केलेला बरा.

द्रावक कोणता घ्यायचा

| द्रावक | समुद्रसपाटीवर उत्कलनांक (अंश से.) | पुण्यात साधारण | पुस्तकातला स्थिरांक |
|---|---|---|---|
| पाणी | १००.० | ९८.१ | ०.५१२ |
| इथेनॉल | ७८.४ | ७६.७ | १.२२ |
| ॲसिटोन | ५६.१ | ५४ | १.७१ |
| सायक्लोहेक्झेन | ८०.७ | ७८.५ | २.७९ |
| क्लोरोफॉर्म | ६१.२ | ५९ | ३.६३ |

स्थिरांक जितका मोठा तितकी वाढ मोठी. २०० मोलार वस्तुमानाचा पदार्थ १०० ग्रॅम द्रावकात २ ग्रॅम घातला, तर पाण्यात वाढ जेमतेम ०.०५ अंश मिळते आणि क्लोरोफॉर्ममध्ये ०.३६. तरीही शिकताना सुरुवात पाण्यानेच करा. पाणी पेटत नाही, विषारी नाही आणि त्याचे गुण नीट माहीत आहेत. जुन्या प्रात्यक्षिक वह्यांत बेंझिन सर्रास दिसतं. ते कर्करोगकारक आहे, या प्रयोगासाठी वापरू नये.

सेंद्रिय द्रावक लागलाच तर काही गोष्टी आधी बघून घ्या. बाजारात मिळणाऱ्या क्लोरोफॉर्ममध्ये ते टिकावं म्हणून थोडं इथेनॉल घातलेलं असतं. शुद्ध द्रावकाचं वाचन आणि द्रावण दोन्ही त्याच बाटलीतले असतील तर फारसं बिघडत नाही, मध्येच बाटली बदलली तर बिघडतं. उघड्या ज्योतीजवळ क्लोरोफॉर्मच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि ॲसिटोन व इथेनॉल तर पेटतातच. त्यामुळे बर्नर बाजूला ठेवा, हीटिंग मँटल (फ्लास्क ज्यात बसतो ती विजेची शेगडी) वापरा आणि काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात, करा. शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे लहान प्रयोगशाळेने त्याच्या मागे न लागणंच सोयीचं.

द्राव्य: बाटलीवरचं लेबल नीट वाचा

द्राव्य उडणारं नसावं, उकळत्या द्रावकात तुटणारं नसावं आणि त्याचे आयन होऊ नयेत. उडतं की नाही याची साधी चाचणी अशी: एक ग्रॅम पदार्थ वॉच ग्लासवर तोलून उकळत्या पाण्याच्या बीकरवर अर्धा तास ठेवा, ग्लासची खालची बाजू पुसून पुन्हा तोला. वजन घटलं तर त्या पदार्थासाठी ही पद्धत नाही.

सरावासाठी युरिया (मोलार वस्तुमान ६०.०६) आणि ग्लुकोज (१८०.१६) चांगले. पण दोन्हींत फसायला जागा आहे. खताच्या दुकानातला युरिया घेऊ नका. २०१५ पासून देशातल्या सगळ्या शेती-युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पाण्यात तो तेलाचा तवंग धरतो, फेस येतो आणि वजनात किती तेल आहे हे कळत नाही. ग्लुकोजच्या बाटलीवर ‘निर्जल’ लिहिलंय की ‘मोनोहायड्रेट’ हे बघा. डेक्स्ट्रोज बऱ्याचदा मोनोहायड्रेट असतं आणि त्याचं मोलार वस्तुमान १९८.१७ असतं. ते वापरलं तर दर १९.८ ग्रॅममागे १.८ ग्रॅम पाणी तुम्ही नकळत द्रावकात मिसळता. हा हिशेब धरला नाही तर उत्तर दहा टक्क्यांच्या वर चुकतं. औषधाच्या दुकानातली चवदार ग्लुकोज पावडर तर बादच, कारण तिच्यात इतर पदार्थही असतात.

युरिया उकळत्या पाण्यात हळूहळू तुटतो आणि अमोनिया सुटतो. तासाभराच्या प्रयोगात याचा परिणाम नगण्य असतो, पण कंडेन्सरच्या (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी अमोनियाचा वास येऊ लागला तर ती खेप तिथेच थांबवा. साखरेच्या द्रावणात आम्लाचा अंश राहिला तर सुक्रोज फुटून एका रेणूचे दोन होतात, म्हणून साखरेसाठी काचसामान धुताना आम्ल वापरलं असेल तर ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा खळबळून घ्या.

तापमापी

०.५ मोलॅल जलीय द्रावणात वाढ पाव अंश. त्यातली चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची तर प्रत्येक वाचन ०.०१ अंशापर्यंत हवं. एक अंशाचे दोनच भाग दाखवणारी काचेची तापमापी इथे निरुपयोगी आहे.

जुन्या महाविद्यालयांत कपाटात बेकमन तापमापी असते. १८८८ च्या सुमाराला अर्न्स्ट ओटो बेकमन यांनी ती याच प्रकारच्या कामासाठी घडवली. तिच्यावर फक्त पाच-सहा अंशांची पट्टी असते, प्रत्येक अंशाचे शंभर भाग. वरच्या बाजूला पाऱ्याचा छोटा साठा असतो. लागेल त्या तापमानाभोवती पट्टी आणण्यासाठी फुग्यातला पारा त्या साठ्यात जास्त-कमी करावा लागतो. शुद्ध पाणी उकळताना पारा पट्टीवर १ च्या जवळ यावा अशी ती लावा, म्हणजे वर चढायला जागा राहते. पुण्यात ती ९८ अंशांसाठी लावायची. १०० धरून लावली तर शुद्ध पाण्याला पारा पट्टीच्या खालीच राहू शकतो. वाचनाआधी नळीवर पेन्सिलीच्या रबराने हलक्या टिचक्या मारा, कारण बारीक नळीत पारा अडकून बसतो. वरच्या तापमानासाठी लावल्यावर फुग्यात पारा कमी राहतो, त्यामुळे पट्टीवरचा एक अंश खऱ्या एका अंशापेक्षा किंचित मोठा असतो. तापमापीसोबतच्या पत्रकात दिलेल्या गुणकाने फरकाला गुणा. आणि ही तापमापी फुटली तर पारा सांडतो, म्हणून ती कायम खोलगट ट्रेवर हाताळा.

बेकमन नसेल तर ०.०१ अंश दाखवणारा पीटी-१०० प्रोब (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणारा) आणि मीटर घ्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा घटक) स्वस्तात मिळतो आणि तोही चालतो. ज्याच्या माहितीपत्रकात बीटा (रोध तापमानाने किती झपाट्याने बदलतो तो आकडा) ३९५० दिलाय त्याचा रोध ९८ अंशांना साधारण ७४० ओहम होतो आणि अंशामागे सुमारे २१ ओहमने उतरतो. म्हणजे ०.०१ अंश म्हणजे ०.२ ओहम. साडेतीन अंकी मल्टिमीटर २ किलोओहमच्या पट्ट्यात १ ओहमच दाखवतो, तो पुरत नाही. साडेचार अंकी लागतो. थर्मिस्टरची टोकं पाण्यापासून पूर्ण वेगळी हवीत: पातळ काचेच्या नळीत तळाला थोडं सिलिकॉन तेल घालून त्यात तो बुडवा. त्याच दुकानांत हमखास पुढे केला जाणारा डीएस १८बी२० हा डिजिटल सेन्सर मात्र या कामाचा नाही. त्याची सर्वांत बारीक पायरी ०.०६२५ अंशांची आहे. पाव अंशाच्या वाढीत तशा चारच पायऱ्या बसतात.

मांडणी

लागणारं सामान: २५० मिलिलीटरचा तीन तोंडांचा गोल तळाचा फ्लास्क, हीटिंग मँटल, डिमरस्टॅट (मँटलची उष्णता कमी-जास्त करणारं उपकरण), उभा कंडेन्सर, तापमापीसाठी छिद्र असलेला स्टॉपर, साधा स्टॉपर, ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू, उकळीचे खडे (बुडबुडे सहज तयार व्हावेत म्हणून घालायचे सच्छिद्र खडे). मधल्या तोंडात तापमापी, एका बाजूला कंडेन्सर, तिसरं तोंड द्राव्य घालण्यासाठी. कंडेन्सरचं वरचं टोक उघडं राहिलंच पाहिजे. बंद केलं तर आत दाब वाढेल आणि काच फुटेल.

पाणी मोजपात्राने मोजू नका, तोलून घ्या: रिकामा कोरडा फ्लास्क तोला, ऊर्ध्वपातित पाणी घालून १००.० ग्रॅम करा.

तापमापीचा फुगा कुठे असावा यावर बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ऊर्ध्वपातनात तो वाफेत असतो, म्हणून इथेही वाफेत ठेवला जातो, आणि मग वाढ जवळजवळ शून्य येते. वाफ फुग्यावर द्रव होते ती शुद्ध पाणी म्हणून, आणि तापमापी शुद्ध पाण्याचाच उत्कलनांक दाखवत राहते. द्रावणाचं तापमान हवं तर फुगा द्रावणात हवा.

पण द्रवात बुडवला की दोन नव्या अडचणी येतात. पहिली अतितापन: तळाजवळचा द्रव उकळायच्या आधी अर्धा-एक अंश जास्त तापू शकतो, म्हणजे आपल्या मोजमापापेक्षाही जास्त. दुसरी खोलीची: उकळत्या पाण्याचा दर सेंटिमीटर सुमारे ०.९४ हेक्टोपास्कल दाब वाढवतो आणि तेवढ्याने उत्कलनांक ०.०२७ अंशाने चढतो. फुगा पाच सेंटिमीटर खोल असेल तर ०.१४ अंश. शुद्ध पाण्याला तीन सेंटिमीटर आणि द्रावणाला पाच सेंटिमीटर खोल ठेवला, तर ०.०५ अंशांची खोटी वाढ फुकटात मिळते. त्यामुळे फुगा एकदा पृष्ठभागाच्या अगदी लगत, पुरता बुडेल इतकाच बसवा आणि प्रयोग संपेपर्यंत हलवू नका.

या दोन्हींवर एकत्र उपाय म्हणजे १९१९ साली फ्रेडरिक कॉट्रेल यांनी सुचवलेला पंप. त्यात चालतं-फिरतं असं काहीच नाही. तळाशी उपडं काचेचं फनेल, त्याच्या देठाला वर वाकवलेल्या दोन-तीन बारीक नळ्या. फनेलखाली वाफेचे बुडबुडे अडकतात, द्रवाचे थेंब बरोबर घेऊन नळ्यांतून वर जातात आणि पृष्ठभागाच्या वर टांगलेल्या फुग्यावर फवारतात. द्रव आणि वाफ दोन्ही फुग्यावर एकदम येतात, जास्तीची उष्णता वाटेतच वाफ होण्यात खर्च होते आणि तापमान खऱ्या उत्कलनांकावर स्थिरावतं. काचकाम करणाऱ्या कारागिराला चित्र काढून दाखवलं तर तो पंप करून देतो. हा प्रयोग वारंवार करायचा असेल तर तो जरूर करून घ्या. अचूकतेत इतका फरक दुसऱ्या कुठल्याच एका सुधारणेने पडत नाही.

पंप नसेल तर उकळीचे ताजे खडे आणि सौम्य, एकसारखी उकळी यांवर भागवा. वापरलेले खडे पुन्हा चालत नाहीत. थंड झाले की त्यांची छिद्रं द्रवाने भरतात आणि बुडबुडा जन्माला घालायची त्यांची ताकद जाते.

कंडेन्सरसाठी नळाच्या भरवशावर राहू नका. पाणी मधेच गेलं तर प्रयोग जातो, आणि उन्हाळ्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की ॲसिटोनची वाफ कंडेन्सरमधून निसटते. बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात कूलरचा छोटा पंप, एवढ्यात काम भागतं.

प्रत्यक्ष कृती

१. खडे थंड पाण्यातच घाला. गरम द्रवात खडा टाकला तर सगळा द्रव एकदम उसळून तोंडातून बाहेर येतो आणि हात भाजतो.

२. मँटल सुरू करा. उकळी आल्यावर डिमरस्टॅट असा ठेवा की कंडेन्सरमधून सेकंदाला एक-दोन थेंब परत पडतील. त्यानंतर डिमरस्टॅटला हात लावायचा नाही. उष्णता वाढली की अतितापन वाढतं आणि ते वाढ म्हणून मोजलं जातं.

३. आठ-दहा मिनिटं उकळू द्या, मग दर ३० सेकंदांनी वाचन लिहा. सलग पाच वाचनं ०.०१ अंशाच्या आत आली की त्यांची सरासरी हा शुद्ध द्रावकाचा उत्कलनांक. त्याच क्षणी दाबही लिहून ठेवा.

४. द्राव्य आधीच तोलून ठेवा, ३.०० ग्रॅमचे चार भाग. बारीक पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर तिच्या कणाकणावर बुडबुडे फुटून फेस उसळतो, शिवाय ओल्या तोंडाला पूड चिकटून राहते आणि द्रावणात पोचतच नाही. गोळी पाडायचं यंत्र असेल तर गोळ्या करा, नाहीतर जाड स्फटिक घ्या. मँटल खाली उतरवा, उकळी थांबली की लगेच बाजूच्या कोरड्या तोंडातून भाग आत सोडा, स्टॉपर लावा, मँटल पुन्हा वर आणा. डिमरस्टॅट तसाच.

५. पुन्हा उकळी, पुन्हा आठ-दहा मिनिटं, पुन्हा पाच स्थिर वाचनं आणि दाब. असं चारही भागांसाठी करा.

६. प्रत्येक भागानंतर फुगा अजून तितकाच बुडालाय ना ते बघा. द्राव्याने द्रावणाची पातळी थोडी वर येते.

एकाच मोठ्या भागाऐवजी चार लहान भाग घ्यायचं कारण आहे. चार बिंदूंतून जाणारी रेषा एका बिंदूतल्या चुकीला फारसं वजन देत नाही, आणि बिंदू रेषेवरून कुठल्या बाजूला सरकतायत हे बघून कुठे गडबड आहे तेही कळतं.

दाब, आणि दुपारचा घोटाळा

९८ अंशांजवळ दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पाण्याचा उत्कलनांक ०.०२९ अंशाने बदलतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरावीक चालीने चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. पुण्यात वादळ-वारा काही नसलेल्या दिवशीही हा उतार साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे सकाळच्या आणि दुपारच्या शुद्ध पाण्यातच ०.१ अंशाचा फरक पडतो. पहिल्या तुकडीने सकाळी काढलेला शुद्ध पाण्याचा आकडा दुपारच्या तुकडीने वापरला, तर ३ ग्रॅम युरियाची ०.२५ अंशांची वाढ ०.१५ दिसते आणि युरियाचं मोलार वस्तुमान ६० ऐवजी १०० च्या घरात जातं. वाचनं सगळी चोख असतात, तरी उत्तर चुकतं.

दाब कुठून घ्यायचा? हवामानाच्या ॲपमध्ये १०१० वगैरे आकडा दिसतो तो समुद्रसपाटीवर आणलेला असतो, तुमच्या टेबलावरचा नाही. त्यावरून पुण्यात पाणी ९९.९ ला उकळायला हवं असा हिशेब निघेल. प्रयोगशाळेतला बॅरोमीटर सर्वांत चांगला. अनेक स्मार्टफोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो. त्याचा मूळ आकडा एखाद-दोन हेक्टोपास्कलने चुकीचा असला तरी तासाभरातला बदल तो नीट दाखवतो, आणि आपल्याला तेवढाच हवाय. फोन त्याच टेबलावर ठेवा. आठ-नऊ मीटर उंचीला दाब १ हेक्टोपास्कलने घटतो, म्हणजे दोन-तीन मजले बदलले तरी ०.०३ अंशाचा फरक पडतो. (सिंहगड १३१२ मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्याही आत उकळतं.)

एका खेपेचा हिशेब

द्रावक १००.० ग्रॅम पाणी, द्राव्य युरिया, वेळ अकरा ते साडेबारा. नमुन्यादाखल वाचनं अशी धरू:

| एकूण युरिया (ग्रॅम) | तापमान | दाब | दुरुस्त वाढ |
|---|---|---|---|
| ० | ९८.१४ | ९४८.० | – |
| ३.०० | ९८.४० | ९४८.० | ०.२६ |
| ६.०० | ९८.६४ | ९४७.७ | ०.५१ |
| ९.०० | ९८.८८ | ९४७.३ | ०.७६ |
| १२.०० | ९९.११ | ९४७.० | १.०० |

शेवटच्या ओळीचं गणित: ९९.११ वजा ९८.१४ म्हणजे ०.९७. दरम्यान दाब १.० हेक्टोपास्कलने उतरला, त्याने द्रावण ०.०३ अंश आधीच उकळलं, तेवढे परत मिळवले की १.००.

आता आडव्या अक्षावर एक किलो पाण्यामागे युरियाचे ग्रॅम (३०, ६०, ९०, १२०) आणि उभ्या अक्षावर वाढ घेऊन शून्यातून जाणारी सरळ रेषा काढा. तिचा उतार काढायला प्रत्येक जोडीचा गुणाकार करून बेरीज घ्या: २२६.८. आडव्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज २७०००. भागाकार ०.००८४०. मोलार वस्तुमान = ०.५०७ ÷ ०.००८४० = ६०.४ ग्रॅम प्रति मोल. खरा आकडा ६०.०६.

दाबाची दुरुस्ती वगळली असती तर तेच ६२.० आलं असतं. पुस्तकातला ०.५१२ वापरला असता तर ६१.०. नुसत्या पहिल्या बिंदूवर विसंबलं असतं तर ५८.५. प्रत्येक वाचनात ०.०१ अंशाची अनिश्चितता धरली तर दोन वाचनांच्या फरकात ती ०.०१४ होते: ०.२६ वर ती पाच टक्क्यांहून जास्त, १.०० वर दीड टक्क्याच्या आत. म्हणून वाढ अर्ध्या अंशाच्या वर न्यावी. पण १.५ ते २ मोलॅलच्या पुढे जाऊ नये. तिथे द्रावण आदर्श वागत नाही आणि रेषा वाकायला लागते.

उपकरणाचा स्वतःचा स्थिरांक

१०० ग्रॅम पाणी तोलून घातलं तरी उकळताना सगळं फ्लास्कच्या तळाशी नसतं. मोकळ्या जागेत वाफ असते ती नगण्य, दशांश ग्रॅमच्या आसपास. पण कंडेन्सरच्या आणि फ्लास्कच्या भिंतींना चिकटून एक-दोन ग्रॅम पाणी सतत बाहेर राहतं. द्रावण आपल्या हिशेबापेक्षा तेवढं घट्ट असतं, वाढ जास्त येते आणि मोलार वस्तुमान एक-दोन टक्के कमी निघतं.

याला सर्वांत सरळ तोड म्हणजे अज्ञात पदार्थाआधी एक ज्ञात पदार्थ त्याच मांडणीत, तितक्याच मोलॅलिटीला करून घेणं. १८.०२ ग्रॅम निर्जल ग्लुकोज १०० ग्रॅम पाण्यात, म्हणजे १ मोलॅल. त्याला जी दुरुस्त वाढ येईल तोच तुमच्या उपकरणाचा स्थिरांक. भिंतीवरचं पाणी, उंचीमुळे बदललेला स्थिरांक, तापमापीच्या पट्टीतली चूक, सगळं त्यात एकदम येतं. संशोधनाच्या कामात पुस्तकातला स्थिरांक वापरण्यापेक्षा हाच वापरावा, असं आमचं ठाम मत आहे.

लँड्सबर्गरची पद्धत

मँटल, तीन तोंडी फ्लास्क नसेल तर १८९८ ची लँड्सबर्गर यांची पद्धत अजूनही उपयोगी आहे. एका फ्लास्कमध्ये शुद्ध द्रावक उकळायचा आणि त्याची वाफ दुसऱ्या, खुणा केलेल्या नळीतल्या द्रावणात सोडायची. वाफ द्रव होताना जी सुप्त उष्णता सोडते तिनेच द्रावण उकळीला येतं. खालून ज्योत नसल्याने अतितापन जवळजवळ होत नाही. तोटा असा की वाफेबरोबर द्रावक वाढत जातो आणि द्रावण विरळ होत जातं. म्हणून तापमान वाचल्याबरोबर, त्याच क्षणी वाफ तोडून द्रावणाचं प्रमाण ठरवावं लागतं. नळीवरून आकारमान वाचलं तर १ मिलिलीटर म्हणजे १ ग्रॅम धरू नका, ९८ अंशांना पाण्याची घनता ०.९६ असते. त्यापेक्षा नळी बंद करून, थंड करून तोला. नळीचं आणि द्राव्याचं वजन वजा केलं की द्रावकाचे ग्रॅम मिळाले.

उत्तर भलतंच आलं तर

आकडा खऱ्याच्या जवळपास निम्मा आला तर बहुतेक वेळा द्राव्याचे आयन होतायत. मीठ ५.८५ ग्रॅम १०० ग्रॅम पाण्यात घातलं तर वाढ अर्ध्या अंशाऐवजी ०.९५ च्या आसपास येते आणि ५८.४४ ऐवजी सुमारे ३१ निघतं. बरोबर निम्मं येत नाही, कारण एक मोलॅल द्रावणात सोडियम आणि क्लोराइड एकमेकांच्या ओढीतून पूर्ण सुटलेले नसतात. इथे चूक झालेली नाही. अपेक्षित मोलार वस्तुमानाला मिळालेल्याने भागा, व्हॅन्ट हॉफ घटक, म्हणजे एका रेणूमागे द्रावणात सरासरी किती कण झाले तो आकडा, मिळतो, या उदाहरणात १.९ च्या जरा आत.

जवळपास दुप्पट आला तर रेणू जोडीने राहतायत का बघा. बेंझोइक आम्ल बेंझिनसारख्या अध्रुवीय द्रावकात हायड्रोजन बंधांनी जुळ्याने राहतं आणि १२२ ऐवजी २४४ च्या दिशेने जातं. ॲसिटोनमध्ये तसं होत नाही, कारण ॲसिटोनच आम्लाच्या हायड्रोजनशी बंध जोडतं. एकाच पदार्थाला दोन द्रावकांत दोन उत्तरं आली तर पहिला संशय यावर घ्यावा.

चारही बिंदूंत आकडा हळूहळू वाढत जात असेल तर पूड तोंडाला चिकटून राहतेय का किंवा दाब उतरतोय आणि दुरुस्ती राहून गेलीय का ते तपासा. हळूहळू कमी होत असेल तर कंडेन्सरमधून द्रावक उडून जातोय किंवा द्राव्य तुटतंय. प्रयोगानंतर थंड फ्लास्क पुन्हा तोला: एकूण वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घटलं असेल तर गळती आहे. तापमान स्थिरच होत नसेल, ०.०५-०.१ अंशाने वर-खाली उड्या मारत असेल, तर खडे मेलेत. मँटल बंद करा, द्रव पूर्ण थंड होऊ द्या, नवे खडे घाला आणि सुरुवात शुद्ध द्रावकापासून करा.

मोलार वस्तुमान पाचशेच्या पुढे असेल तर पाणी सोडून क्लोरोफॉर्मसारख्या मोठ्या स्थिरांकाच्या द्रावकाकडे वळा. बहुवारिकांसाठी (पॉलिमरसाठी) मात्र ही पद्धतच सोडावी लागते. ५०,००० मोलार वस्तुमानाचं बहुवारिक एक ग्रॅम, १०० ग्रॅम पाण्यात, वाढ ०.०००१ अंश. खोलीतल्या पंख्याच्या झुळुकीने तापमापीत याहून जास्त फरक पडतो. तिथे परासरण दाब (अर्धपार्य पडद्यातून द्रावक द्रावणात शिरतो त्याने तयार होणारा दाब) मोजा: त्याच द्रावणाचा परासरण दाब २७ अंशांना साधारण ५ हेक्टोपास्कल, म्हणजे पाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, आणि तो साध्या पट्टीनेही मोजता येतो.